डॉलीचा फोटो

लग्नाला सात वर्षं झाली तरी आमच्या घरात आम्हा दोघांचा एक फोटो नव्हता, आणि आमचे हे एका कुत्रीचा फोटो काढायला मुंबईला निघाले होते. तेही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये असं आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सांगतात. कागदावर लिहिलं तर चालत असावं. सहदेव. खोपोलीच्या वरच्या अंगाला बेहेरे साहेबांचा बंगला आहे, तिथली कुत्री सांभाळायची त्यांची नोकरी. साहेब कारखान्यातून निवृत्त झालेले आणि त्यांना आल्सेशियन कुत्र्यांची पैदास करायचा नाद. टायगर नावाचा नर आणि डॉली नावाची मादी. पिल्लं मोठी झाली की लोक येऊन घेऊन जायचे.

डॉली म्हणजे माझी सवत. थट्टेने नाही म्हणत. तिला रोज सकाळी ब्रशने विंचरायचं, कान पुसायचे, नखं बघायची. तिला शिंक आली तरी यांचा घास घशात अडकायचा. बाजारातून माझ्यासाठी सुई आणायला सांगितली तर तीन आठवडे विसरतील, पण डॉलीचं अंडं एक दिवस विसरले नाहीत. माझ्या जिवाचा नुसता संताप व्हायचा आणि तो सांगायचा कुणाला, कुत्रीवर जळते म्हणून?

“फोटोला मुंबई कशाला?” मी डबा बांधताना विचारलं. “खोपोलीत स्टुडिओ नाय?”

“तसला फोटो हितं नाय निघत गं. मोठं मशीन लागतं. साहेबांची गाडी हाय, सांजच्याला येतो.”

शेजारची सोनुबाई कुंपणापाशी उभीच होती. “सुंदरा, सवत चालली गं तुझी मुंबईला! पावडर लावलीस का तिला?” ती म्हणाली आणि फिदीफिदी हसली. मी त्या दिवशी भाकऱ्या अशा थापल्या की परातीला पोचा पडला.

संध्याकाळी हे आले ते मोठं पिवळं पाकीट छातीशी धरून. साहेबांनी एक दिवस घरी दाखवायला दिलं होतं म्हणे. आतून काळा, जाडसर, लवलवता कागद काढला आणि खिडकीच्या उजेडाला धरला. मी बघितलं तर हाडं.

“ही डॉली?”

“हां.”

“हिचं तोंड कुठं हाय?”

“तोंडाचा नाय काढला. खुब्यांचा काढलाय.”

मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले. दवाखान्यातल्या फोटोलाही आपण फोटोच म्हणतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर नटलेली डॉली खुर्चीत बसली होती. आत्याबाईंनी मात्र “कुत्रीच्या कमरंचा फोटो! काय बाई!” म्हणून तोंड फिरवलं.

हे आपले रंगात आले होते. बोट ठेवून ठेवून दाखवत होते. उखळात मुसळ बसावं तसं मांडीचं हाड खुब्यात नीट बसलंय, ही कड बघ, ही गोलाई बघ. डॉलीच्या गेल्या वर्षीच्या वेतातली सहा पिल्लं लोकांनी हौसेने नेली होती. नऊ महिन्यांची होईतो त्यातली चार मागच्या पायांनी लंगडायला लागली. साहेबांच्या वहीत प्रत्येक वेताचं लिहिलेलं असतं, किती झाली, किती जगली, वर्षाची झाल्यावर कशी आहेत. त्या पानावर चार वेळा ‘लंगडं’ असं लिहावं लागलं. जो तो म्हणाला, कुत्रीच वाईट, काढून टाका. पण साहेब म्हणाले, आधी तपासू, मग बोलू.

“आणि डॉली पास झाली!” हे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तिथे माझं हसू संपलं.

मी तीन वेळा गरोदर राहिले. पहिल्या खेपेला सगळं नीट, पण आठ दिवसांचं मूल कावीळ होऊन गेलं. दुसरं पोटातच गेलं. तिसरं आठव्या महिन्यात मेलेलं जन्मलं. कर्जतच्या लेडी डॉक्टरणीने तेव्हा माझा हात धरून सांगितलं होतं, आता पुढची खेप घ्यायच्या आधी नवऱ्याला घेऊन ये, दोघांचं रक्त तपासायला हवं. तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं. मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, मला वाचता येतं. ‘पती-पत्नी दोघांनी येणे.’ ती चिठ्ठी दोन वर्षं आरशाच्या मागे खोचलेली होती.

मी यांना सांगितलं नव्हतं असं नाही. पाच वेळा सांगितलं. “सुट्टी नाय गं मिळत. बघू.” हे त्यांचं उत्तर. आत्याबाई म्हणाल्या, “माझ्या पोराला काय झालंय? झाडासारखा उभा हाय. तपासायचं तर हिला तपासा.” खोपोलीहून कर्जत गाडीने अर्धा तास, तिथे जायला सुट्टी नाही. कुत्रीच्या खुब्यासाठी मुंबईला आख्खा दिवस.

आणि वर शिळफाट्याचं प्रकरण होतं. आत्याबाईंनी यांच्या दुसऱ्या लग्नासाठी तिथली एक मुलगी हेरली होती. त्यांच्या ओळखीच्या पुतळाबाईची भाची, अंगाने भरलेली, कामाला वाघीण. “तू पण ऱ्हा घरात, तुला कोण काढतंय?” असं मला ऐकवायच्या, म्हणजे मी उपकारच मानायचे. रविवारी मुलगी बघायला जायचं ठरत होतं. मी यांच्या तोंडाकडे बघितलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. “बघू,” म्हणाले. त्या ‘बघू’ची मला डॉलीपेक्षाही जास्त चीड आहे.

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन बंगल्यावर गेले. जाळीच्या पलीकडे डॉली पाय पसरून पडली होती. मला बघून तिने शेपूट हलवलं. मी तोंड फिरवलं. मनात म्हटलं, बये, तुझं बरं आहे. तुला तपासायला मोटार मिळाली.

पडवीत साहेब आणि हे खिडकीपाशी उभे होते. साहेबांच्या हातात तसलाच काळा फोटो होता.

“हा टायगरचा बघ, सहदेव. गेल्या बुधवारी मी स्वतः नेऊन काढला. खुबा सैल आहे. दोन्हीकडचा. पिल्लांचं दुखणं इकडून आलंय.”

“पण साहेब,” हे म्हणाले, “टायगर तर वाऱ्यासारखा पळतो. कधी लंगडला नाय, कधी बसून ऱ्हायला नाय. त्याच्यात काय कमी?”

“वरून काय दिसतं रे? मीही तेच धरून बसलो. बक्षिसं मिळवलेला नर, त्याच्यात खोट कशी असेल! मादीला वर्षभर बोल लावला आपण, आणि नराला एकदा मशीनखाली झोपवून बघितलं नाही. ही चूक माझी आहे.”

साहेबांनी फोटो पाकिटात घातला आणि टायगरच्या डोक्यावरून हात फिरवला. मी डबा पायरीवर ठेवून परत फिरले. उतार मी जवळजवळ पळतच उतरले. रागाने की आनंदाने, ते मला अजून सांगता येणार नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर यांनी सगळं आईला सांगितलं.

“मंग आता त्या टायगरचं काय?” आत्याबाईंनी विचारलं.

“काय नाय. ऱ्हाईल मजेत. त्याची जोडी नाय लावायची आता.”

“आणि कुत्रीला?”

“तिला दुसरा नर बघनार साहेब. पुन्याचा. त्याचा फोटो आधी मागवलाय.”

मी वाढत होते. हातातली पळी भांड्यात ठेवली. “म्हंजे खोट टायगरची निघाली म्हनून डॉलीला दुसरा नवरा,” मी म्हटलं. “कुत्र्यांच्यात बरं हाय, आत्याबाई. आधी दोघांना तपासत्यात. आपल्यात न तपासताच शिळफाट्याला जात्यात.”

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. “काय बोलतीस गं? माझ्या पोराला कुत्र्याच्या जोडीला बसवतीस?”

“मी कुठं बसवते? त्या डॉलीला जे मिळालं ते मला मिळालं असतं तर मी तिचे पाय धुतले असते.” माझा आवाज फुटला, पण मी थांबले नाही. “तीन लेकरं गेली माझी. तुमच्या साहेबाची चार पिल्लं नुसती लंगडली, तर दोघांचे फोटो निघाले. आमचा कवा निघायचा? दोघांचा?”

आरशामागची चिठ्ठी काढून मी यांच्या ताटाशेजारी ठेवली. घडीवर पिवळी पडली होती.

यांनी हात धुतला. चिठ्ठी दिव्यापाशी नेली, एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. त्यांना अक्षरं जुळवायला वेळ लागतो. आत्याबाई म्हणाल्या, “बापई मानसाला कुठं तपासत्यात का रं?”

“आये, तू गप,” हे म्हणाले. बाकी काही नाही. पण ‘बघू’ म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

रविवारी आत्याबाई नवं लुगडं नेसून दारात बसल्या होत्या. हे दिवसभर परड्यात लाकडं फोडत राहिले. शेवटी आत्याबाईंनी लुगडं बदललं.

सोमवारी सकाळी खुंटीवरचा इस्त्रीचा पांढरा शर्ट यांनी अंगात घातला आणि मला म्हणाले, “चल. वाटेत साहेबांना सांगून जाऊ.”

साहेब फाटकातच भेटले. डॉली जाळीला नाक लावून कुईं कुईं करत होती. हे तिच्याकडे गेले नाहीत, माझ्या शेजारी उभे राहिले. मी मात्र तिच्याकडे बघून घेतलं, अगदी मनसोक्त.

“सुट्टी पायजे साहेब, आजचा दिवस. कर्जतला जायचंय, फोटोसाठी.”

साहेब चक्रावले. “आता कुणाचा? डॉलीचा झाला, टायगरचा झाला.”

हे खाली मान घालून शर्टाचं बटण चाचपत होते.

“माझा ऱ्हायलाय, साहेब,” ते म्हणाले.