बसा ताई, बोला

शेजारीण पाणी कार्यालयातून आली ती थेट माझ्या ओट्याशी टेकली. "तुमचे मिस्टर किती गोड बोलतात हो! उठून खुर्ची दिली. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही."

"कोणाचे? आमचे?"

"तिथे सगळं बदललंय आता. काचा काढल्या, लोकांसाठी खुर्च्या मांडल्या. कसं बोलायचं तेसुद्धा शिकवलंय म्हणे त्यांना."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला जळफळाट. घरी या माणसाची बाराखडी 'हं' आणि 'ऊं' इथेच संपते. आमचं नळाचं कनेक्शन अजून सासूबाईंच्या नावावर. त्या जाऊन वर्षं लोटली. दिव्याखाली अंधार असतो हे माहीत होतं, पण दिवा बाकी गावाला एवढा उजेड देतोय, याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून गेले आणि टोकन काढून बसले. नळ हे निमित्त. मला ते बोलणं हवं होतं.

माझ्या आधी एक तरुण बाई होती. तिच्या गळक्या मीटरवर जगाचं भवितव्य टांगलेलं असावं, असं हे ऐकत होते. "पाणी घेता?" असंही विचारलं. मला तापातसुद्धा कधी विचारलं असेल तर शपथ.

माझा नंबर लागला. हे काहीतरी लिहीत होते. मान वर न करता, लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाले, "बसा ताई. बोला, काय सेवा करू?"

"ताई?" मी म्हटलं. "अहो, मग आज संध्याकाळी कुठल्या नात्याने घरी येणार?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात. यांचे कान लाल. पण बोलणं तोडायचं नाही, असा नियम. मग मी बोलले. नळाचं बोलले, नळाच्या आडून आणखी बरंच बोलले. हे चक्क माझ्याकडे बघून ऐकत होते.

कनेक्शन माझ्या नावावर झालं. मी उठते न उठते तोच मागून, पुढच्या बाईला, "बसा ताई, बोला." तोच आवाज, तेच लोणी. पुन्हा जीव जळला.

संध्याकाळी हे स्वयंपाकघरात येऊन बसले. "काय सांगत होतीस मघाशी? तुझं सगळं झालं नव्हतं."

"सगळ्यांना विचारता तसंच विचारताय ना?"

"तिथे विचारायचा पगार मिळतो," हे म्हणाले. "इथे फुकट विचारतोय."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण म्हटलं, इतकी वर्षं मी ताटकळले, जरा यांनाही कळू दे. भाजी चिरत राहिले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मात्र बघत होते, उठून जातात का.

नाही गेले.