घासलेला कोपरा

कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि कातारणीला ताज्या भुशाचा वास आला. सकाळी स्वतःच्या हाताने जमीन झाडून, लेथ पुसून ती माल पोचवायला बाजारात गेली होती. शिळ्या भुशाचा वास वेगळा आणि ताज्याचा वेगळा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ती वाकली. लेथच्या पायाजवळच्या फटीत पिवळसर भुगा साचला होता. कोणीतरी आपल्यामागे लेथ चालवला होता, वर झाडूही मारला होता, पण वरवरचा.

हा तिचा कारखाना. कारखाना म्हणजे मोठा शब्द झाला. घरामागची एक खोली, तिच्यात एक जुना लेथ, धार लावायचं चाक आणि भिंतीला टेकवलेले बाभळीचे ओंडके. बाबांनी इथे जन्मभर लाकूड कातलं. लेथवर लाकूड गरगर फिरवायचं आणि हत्यार लावून त्यातून वाडगे, पलंगाचे पाय, मोगऱ्या काढायच्या, हा कातारकामाचा या घराचा धंदा. मागच्या वर्षी बाबांचा हात थरथरला, हत्यार अडकलं आणि फिरता वाडगा उडून थेट त्यांच्या कपाळावर बसला. त्या दिवशी लेकीने किल्ल्या काढून घेतल्या. बाबांच्या पटाश्यांची पेटीसुद्धा तिने आपल्या पलंगाखाली सरकवून वर कुलूप घातलं. म्हातारा आठवडाभर जेवणाच्या ताटाशी भांडला आणि मग गप्प झाला.

ती स्वतः नव्या पद्धतीने काम करायची. पोलादी दांड्याच्या टोकाला स्क्रूने बसवलेलं नखाएवढं चौकोनी कार्बाइडचं पातं. ते आडवं, अगदी सपाट धरायचं. एक कोपरा बोथट झाला की स्क्रू सैल करून पातं फिरवायचं, पुढचा कोपरा हजर. धार लावत बसायची भानगड नाही. बाबा त्या हत्यारांना 'खरवडायचे चमचे' म्हणायचे आणि त्यांच्याकडे बघायलाही तयार नसायचे.

कारखान्याची दुसरी किल्ली एकट्या नवऱ्याकडे होती. लाकूडवाला अवेळी आला तर दार उघडायला म्हणून तिनेच ती दिली होती. आणि इथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

नवरा बस डेपोत कारकून. स्वभावाने गरीब, आवाजाने बारीक, लग्न करून सासऱ्याच्या घरात राहायला आलेला. घरजावई हा शब्द त्याच्यासमोर कोणी उच्चारत नसे, तरी तो त्याला सगळीकडे ऐकू यायचा. गेले काही महिने त्याने एकच टुमणं लावलं होतं. लेथ विकून टाकू, डेपोजवळ दोन खोल्या बघू, तुझेही हात मोकळे होतील. ती म्हणायची, माझे हात मोकळे झाले तर मी त्यांचं करू काय? मग एके दिवशी त्याच्या ओळखीचा एक फर्निचरवाला 'सहज' म्हणून घरी आला. सहज आलेला माणूस चहा पितो आणि जातो. याने लेथचा पट्टा ओढून बघितला होता.

म्हणजे आपण बाजारात गेलो की हा माणूस गिऱ्हाइकाला आणून लेथ चालवून दाखवतोय. तिच्या डोक्यात हे इतकं स्वच्छ उमटलं की तिला तिथेच खाली बसावंसं वाटलं. लेथ गेला तर तिची भाकरी जाणार होती हे खरं, पण त्याहून मोठं काहीतरी जाणार होतं. पाठीमागे असं करणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा करायचा? तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग सोपा म्हणून तिने राग धरून ठेवला.

संध्याकाळी तिने काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. तिने नवऱ्याला वाढता वाढता त्याच्या नखांकडे बघितलं, पँटच्या दुमडीकडे बघितलं. त्याने विचारलं, "काय गं, काय बघतेस?"

"काही नाही. बघायची चोरी आहे का?"

तो बिचारा खाली मान घालून जेवू लागला. खाली मान घातली, म्हणजे पाणी नक्की कुठेतरी मुरतंय, असं तिने ठरवून टाकलं. वर मान ठेवली असती तरी तिने तेच ठरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने लेथच्या बटणावर चिमूटभर भुसा ठेवला आणि हत्यार टेकवायच्या लोखंडी पट्टीच्या उंचीशी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. परत आली तर बटणावरचा भुसा गायब, पट्टी रेघेच्या बोटभर खाली आणि ढिगातला एक ओंडका कमी. आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसता दाखवत नाही, चालवून बघायला लाकूडही देतोय! घरचं लाकूड!

बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, दुपारी कोणी आलं होतं का मागे?"

"मागे? छे. मला दुपारी डुलकी लागते, ठाऊक आहे ना तुला."

"कारखान्यात कोणीतरी लेथ चालवलाय."

बाबांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत लावला.

"हे बघ, मी या घरात कोणाविरुद्ध बोलणार नाही," ते म्हणाले. "पण जावईबापूंची सायकल दारात दिसल्यासारखी वाटली खरी. आता डोळे माझे म्हातारे. तू काही मनावर घेऊ नकोस."

मनावर घेऊ नकोस म्हटलेली गोष्ट मनावर न घेणारी बाई अजून जन्माला यायची होती. तिने ती मनावर तर घेतलीच, शिवाय संध्याकाळपर्यंत घोळवली, आणि नवरा हातपाय धुऊन ताटावर बसला तेव्हा पहिला घास त्याच्या तोंडात जायच्या आत त्याच्यापुढे टाकली.

"दुपारी घरी का आला होतात तुम्ही?"

"मी? मी कशाला येऊ? दिवसभर डेपोत होतो."

"सायकल दिसली दारात."

"कोणाला दिसली?"

तिची नजर बाबांकडे वळली. नवऱ्याने सासऱ्याकडे बघितलं. बाबा ताटातल्या मिठाकडे असे निरखून बघत होते की त्यात काही लिहिलंय असं वाटावं.

"बाबा, तुम्ही घरातच होतात ना? सांगा हिला," नवरा म्हणाला. "आलो होतो का मी?"

"मी म्हातारा माणूस," बाबा पुटपुटले. "मला काय दिसतंय."

नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. घास ताटात तसाच होता. मग तिने मनात साचलेलं सगळं एका दमात ओकून टाकलं. फर्निचरवाला, विकायच्या गोष्टी, किल्ली, चोरलेला ओंडका. माझ्या बापाच्या घरात राहून माझ्याच पाठीत सुरी खुपसता, असंही ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला कळलं की हे वाक्य परत घेता येणार नाही. नवरा उठला. त्याने हात धुतले, दोन शर्ट पिशवीत घातले, खिशातली कारखान्याची किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली.

"मी भावाकडे जातो," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच बारीक होता.

तिने त्याला अडवलं नाही. जाऊ दे, असं ती स्वतःशी म्हणाली. ज्याचं मन साफ असतं तो भांडतो, पिशवी भरत नाही. बाबांनी आपलं ताट पूर्ण संपवलं आणि ते आत जाऊन झोपले.

सकाळी तिने मोगऱ्यांचं काम काढलं. सुतारांना लाकडी मोगऱ्या लागायच्या, पटाशीच्या मुठीवर ठोकायला. तिला तर कशावर तरी ठोकावंसं वाटतच होतं. तिने बाभळीचा एक जड ओंडका लेथच्या दोन टोकांमध्ये आवळला, पट्टी वर घेतली, लेथ चालू केला आणि कार्बाइडचं हत्यार सपाट धरून पुढे सरकवलं. रोज असं केलं की ओंडक्याच्या कडा ठकठक उडायच्या, भुशाचा फवारा मनगटावर यायचा आणि पाहता पाहता चौकोनाचा गोल व्हायचा. मग डोक्याचा भाग जाड ठेवून मान कोरायची आणि मूठ तळहाताच्या मापाने बारीक करत आणायची. यात तिचं डोकं शांत व्हायचं.

आज पातं लाकडात शिरेचना. किंचाळत घसरायला लागलं. तिने जोर दिला तर लाकूड काळं पडलं आणि जळका वास आला. कालपरवाच तर नवा कोपरा लावला होता, तो इतक्यात बोथट कसा होईल? लेथ बंद करून तिने स्क्रू सैल केला, पातं तळहातावर घेतलं आणि खिडकीशी नेऊन बघितलं.

कोपरा नुसता बोथट झाला नव्हता. घासलेला होता. त्यावर आडव्या, एकसारख्या ओरखड्यांची ओळ होती. तिने धार लावायच्या चाकाकडे बघितलं. चाकाच्या करड्या अंगावर मधोमध एक चकचकीत पट्टा उठला होता. साध्या चाकाला कार्बाइड कापता येत नाही, चाकच गुळगुळीत होतं आणि पात्याची धार मात्र मरते. हे तिला माहीत होतं. ही हत्यारं वापरणाऱ्या कोणालाही माहीत होतं. ज्याला काहीच माहीत नाही, त्याने पातं बोथट झाल्यावर हात टेकले असते आणि हत्यार खाली ठेवलं असतं. तिचा नवरा तर त्या चाकाच्या जवळूनही जायचा नाही, ठिणग्यांना घाबरायचा.

लाकूड कापलं जात नाही म्हटल्यावर न विचार करता पाय चाकाकडे वळावेत, असा माणूस एकच होता. ज्याने आयुष्यभर पटाशीला धार लावून काम केलं तो.

ती पातं मुठीत घेऊन तशीच ओसरीवर गेली.

"पातं फिरवायचं असतं, बाबा," ती म्हणाली. "घासायचं नसतं."

बाबांनी तिच्या तळहाताकडे बघितलं. नाकारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर चिडका राग आला, आणि तो त्या पात्यावरचाच होता.

"धारच धरत नाही मेलं," ते म्हणाले. "कसलं हत्यार आणलंयस!"

"किल्ली कुठून आली तुमच्याकडे?"

"कुलूप मी आणलं होतं. तीन किल्ल्या होत्या त्याला. तू माझ्याकडे दोनच मागितल्यास."

मग ते आत गेले आणि उशीखालून एक मोगरी घेऊन आले. मान तिरकी होती, मुठीवर पातं अडकून फाटल्याच्या खुणा होत्या, डोकं मात्र सुरेख गोल उतरलं होतं. तिच्या हातात देताना त्यांचा हात थरथरत होता. ती मोगरी वाईट होती, आणि त्यांना ती किती आवडली होती हे बघून ती क्षणभर राग विसरली. पण लगेच तिला बाबांनी काल रात्री संपवलेलं ताट आठवलं आणि राग परत आला.

"माझ्या नवऱ्याचं नाव घेतलंत तुम्ही. माझ्या तोंडावर खोटं बोललात. तो घर सोडून जात होता आणि तुम्ही बसून जेवत होतात!"

"जावई रागावून गेला तर परत येतो," बाबा म्हणाले. "तू मला पकडलं असतंस तर मी लेथवर परत गेलो असतो का? तिसरी किल्लीपण काढून घेतली असतीस."

तिने खरोखर नेमकं तेच केलं असतं. तिने त्यांना सोबत चला म्हटलं. ते नाही म्हणाले. जावयासमोर मान खाली घालायचं वय राहिलं नाही, असं म्हणाले. तिने पायात चपला सरकवल्या आणि एकटीच निघाली.

दिराचं घर बाजाराच्या पलीकडे होतं. वाटेवर तिने मनाशी वाक्यं जुळवली. दार नवऱ्यानेच उघडलं. आज तो डेपोत गेलाच नव्हता, दाढीही केली नव्हती. आत ये म्हणायला तो विसरला, आणि तिनेही वाट बघितली नाही. उंबऱ्यातच तिने सगळं सांगितलं. घासलेला कोपरा, चाकावरचा पट्टा, किल्ली, उशीखालची मोगरी. पुरावा असा पक्का होता की सांगता सांगता तिला थोडा धीरही आला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चला घरी."

"बाबा मिठाकडे बघत बसले, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं," नवरा म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस? म्हाताऱ्यावर ढकलतोय."

तेही खरंच होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. "तुला त्या पात्यावर खूण सापडली म्हणून तू आलीस. बाबांनी ते चाकावर घासलं नसतं तर?"

कातारणीने तोंड उघडलं. बाजारात दहा दुकानदारांना एका वेळी गप्प करणारी बाई, जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं तयार असायची, ती उंबऱ्यावर उभी राहून शब्द शोधत होती. आपण आलो नसतो. आज नाही, उद्याही नाही, कदाचित कधीच नाही. हे त्याला कळत होतं, आणि त्याला कळतंय हे तिला दिसत होतं.

त्याने दार लोटून घेतलं नाही, पण पिशवी आणायलाही तो आत गेला नाही. ती पायरीवर खाली बसली आणि बसूनच राहिली.