लाल ठिपका वर गेलाच नाही

"त्या झोपाळ्याची कडी कुरकुरते गं, एकदा वर बघून घे," सासूबाई म्हणाल्या होत्या. पण सासूबाईंना पंखाही कुरकुरताना ऐकू येतो आणि सूनही. मी म्हटलं, "आई, पाळणाघराच्या दारावर तपासणीचं स्टिकर आहे. तपासनीस साहेबांची सही आहे त्यावर!"

पुढच्याच आठवड्यात कडी तुटली. माझ्या चिमीचं कोपर अजून सरळ होत नाही. केस विंचरताना तिचा हात अर्ध्यावर अडतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. "मी प्रत्येक कडी डोळ्यांखालून घातली होती," असं साहेबांनी चौकशीत छातीठोकपणे सांगितलं. सुटले.

तक्रार नवऱ्याच्या नावाने होती, त्यामुळे साहेब मला ओळखत नव्हते. मी मात्र टपून होते.

आमची कंपनी नव्या तपासनिसांसाठी आभासी खोल्या बनवते. हेडसेट चढवला की माणूस त्या खोलीत शिरतो; त्याची नजर जाईल तिथे भिंतीवरच्या पडद्यावर लाल ठिपका फिरतो. आधी मुरलेल्या तपासनिसाची नजर टिपायची, मग नव्यांनी ती गिरवायची. मुरलेला म्हणून वरिष्ठांनी बोलावलं कोणाला? साहेबांनाच.

खोली मी बनवली. भिंतींचा रंग वेगळा, खिडक्या वेगळ्या. छतातली कडी तेवढी तीच, अपघाताआधीच्या फोटोवरून, चिरेसकट. आणि दाराशी लावलं त्यांच्याच सहीचं गेल्या वर्षीचं स्टिकर.

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, पोरांनो. बघा आणि शिका," म्हणत साहेबांनी हेडसेट चढवला.

ठिपका दाराशी गेला. स्टिकरवर विसावला. मग खुर्ची, कपाट, खिडकी, झोपाळ्याची फळी, पुन्हा स्टिकर. छताकडे एकदाही नाही.

"पास!"

मागून एक शिकाऊ मुलगी फिसकन हसली. "अहो साहेब, आम्हाला तर काल चाचणीत शिरल्या शिरल्या चीर दिसली होती."

"मशीन बिघडलंय तुमचं."

"मशीन ठणठणीत आहे, साहेब," मी म्हटलं. "जरा मान वर करा."

ठिपका हळूहळू चढला, चिरेवर जाऊन थरथरत राहिला. साहेबांनी हेडसेट काढला तेव्हा कपाळ घामाने डबडबलं होतं.

"ही कडी..."

"माझी मुलगी बसली होती त्या झोपाळ्यावर."

नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "बाई, ते रेकॉर्डिंग पुसून टाका हो. मलाही नातवंडं आहेत."

"मग त्यांच्यासाठीच ठेवते."

आता प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी तो ठिपका दाखवतात. पोरं खो खो हसतात. मी मागे उभी राहून ते हसू कान भरून ऐकते. मन मात्र भरत नाही.

कारण ते रेकॉर्डिंग पाहून वरिष्ठांनी साहेबांना घरी बसवलं, तरी त्यांची स्टिकरं अजून दारोदारी चिकटलेली आहेत. तुमचं मूल आत्ता कुठे खेळतंय? सही वाचत उभे राहू नका. उठा, त्याच्यापाशी जा, मान वर करा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.