डावीकडचा रुमाल

मनालीला लहान मुलांच्या घरी जायला पगार मिळतो, असं तिची आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मुलांची समज वयाबरोबर कशी उमलत जाते, याचा एक मोठा अभ्यास चालला होता. त्यासाठी दापोली तालुक्यातली काही तान्ही बाळं निवडून, ती शाळेत जाईपर्यंत त्याच बाळांना पुन्हा पुन्हा भेटायचं होतं. दापोलीत भाड्यानं एक खोली घेऊन मनाली राहिली होती आणि एस.टी.नं गावोगाव हिंडत होती. बाळं तिला ओळखायला लागली, तिच्या पिशवीकडे झेपावायला लागली, आणि हा अभ्यास की आजोळ, असं तिला स्वतःलाच कधीकधी वाटायचं.

त्यातली दोघं तिची विशेष लाडकी. दाभोळच्या बंदराजवळ राहणारी सानवी. तिचा बाप दीपक मुंबईला नोकरीला आणि आई निशिगंधा मासळीच्या धंद्यात. दुसरा आंजर्ल्याचा ऋत्विक, आजोबा काशीराम आणि आई वैष्णवी यांच्या आंब्याच्या बागेत वाढणारा. दाभोळ एका टोकाला, आंजर्लं दुसऱ्या. या दोन घरांची ओळख नव्हती, नातं नव्हतं, एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. बाळासमोर दोन रुमाल पसरायचे आणि एक लाकडी चिमणी डावीकडच्या रुमालाखाली लपवायची. बाळ ती शोधून काढतं. असं दोनचारदा झालं की मग त्याच्या डोळ्यांदेखत ती उजवीकडे लपवायची. नऊदहा महिन्यांचं बाळ तरीही डावीकडेच हात घालतं, कारण हाताला डावीकडची सवय लागलेली असते. सकाळी सानवीनं नेमकं तेच केलं आणि रिकाम्या रुमालाखाली पाहून अशी काही रुसली, की निशिगंधा हसून हसून बेजार झाली.

दुपारी आंजर्ल्याला पोचेपर्यंत ऋत्विक पेंगुळला होता. म्हणून मनालीनं डावीकडचा सराव वगळला आणि चिमणी पहिल्यांदाच उजवीकडे ठेवली. ऋत्विकनं ती ठेवताना नीट पाहिली आणि हात मात्र डाव्या रुमालाखाली घातला. तिथं काही नव्हतं. मग तोही रुसला, अगदी तस्साच, खालचा ओठ काढून.

मनालीनं त्याला उचलून त्याचा गालगुच्चा घेतला. बाळं ती बाळंच. पण पुढच्या खेपेला तिनं दाभोळला सगळा सराव उजवीकडचा दिला, आणि आंजर्ल्याला चिमणी डावीकडे लपवली, तर ऋत्विकचा हात उजवीकडे गेला.

आपल्या नजरेतून बाळाला काही कळत असेल, हे तिच्या मनात आलंच. प्रयोग करणारा नकळत उत्तर सांगून जातो, हे तर तिला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. म्हणून तिनं आपला सहकारी विनीत याला एकट्यालाच आंजर्ल्याला पाठवलं. दाभोळला सकाळी काय केलं हे त्याला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी विनीतचा फोन आला. “पोरगं भारी गोड आहे गं. पण चिमणी लपवली की दुसरीकडेच शोधतं. पहिल्यांदासुद्धा!”

“कुठे शोधलंन?” तिनं विचारलं.

“डावीकडे.”

सकाळी सानवीला डावीकडचा सराव दिला होता. मनालीनं बरं म्हणून फोन ठेवला.

ती कुणालाच काही बोलली नाही. मुलं वाढत होती, चालू लागली, बोलू लागली, तिला ‘मनालीमावशी’ म्हणू लागली. चार वर्षांची झाल्यावर तिनं त्यांना केरू आणि सखू या दोन बाहुल्यांची गोष्ट दाखवायला घेतली. केरू काजूगर टोपलीत ठेवून बाहेर जातो, मागं सखू तो मडक्यात लपवते. आता केरू परत आल्यावर कुठं शोधेल? दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलाला उमगलंय का, ते यावरून कळतं. सानवीनं थोडा विचार करून “टोपलीत” असं उत्तर दिलं आणि बिचाऱ्या केरूची तिला दया आली.

त्याच दुपारी आंजर्ल्याला ओटीवर बसून मनालीनं बाहुल्या नुसत्या बाहेर काढल्या, तोच ऋत्विक म्हणाला, “केरू टोपलीत बघंल. पण काजू मडक्यात हाय.”

“तुला कुणी सांगितली रे गोष्ट?”

“मी बघितली ना मघाशी.”

“कुठं?”

तो जरा आठवत राहिला. “होड्यांचा वास येत होता,” तो म्हणाला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून बाहुल्यांशी खेळू लागला.

त्यानंतर काही दिवसांनीची गोष्ट. मनाली आंजर्ल्याच्या घरापुढच्या खळ्यात ऋत्विकसमोर दोन पेले घेऊन बसली होती. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतायचं आणि पाणी वाढलं का विचारायचं, असा खेळ. वैष्णवी शेजारीच आमसुलं वाळत घालत होती. मनालीनं पाणी ओतलं, आणि ऋत्विक एकाएकी खोकायला लागला. त्यानं मान मागं टाकली, हातांनी हवा ढकलली, त्याचे ओठ काळेनिळे पडले.

“काय झालं रे? ऋत्विक!” वैष्णवीनं त्याला कवळून धरलं.

“पाय लागत नाय,” तो कसाबसा म्हणाला.

कोरड्या खळ्यात त्याचे पाय जमिनीवरच होते. मनालीनं ते पाहिलं आणि निशिगंधाला फोन लावला.

“निशिगंधा, सानवी कुठंय?”

“हितंच हाय की अंगणात. का वो ताई?” मग तिचा आवाज बदलला. “सानवी? सानवी गो!” फोन कुठंतरी आपटला. धावणारी पावलं ऐकू आली, मग आरडाओरडा, मग नुसता खाडीचा वारा.

मनाली फोन कानाशी घट्ट धरून बसली. ऋत्विकनं एकदम मोठा श्वास घेतला. त्याच्या ओठांवर रंग आला.

“आई आली,” तो म्हणाला.

“मी इथंच आहे रे राजा,” वैष्णवी रडत म्हणाली. तो तिच्याच कुशीत होता.

थोड्या वेळानं फोनवर निशिगंधाचं हुंदके देणं ऐकू आलं. दोन होड्यांच्या मधून तिनं लेकीला केस धरून वर ओढलं होतं. “तुमी फोन नसता केलाव तर... ताई, तुमाला कसं कळलं वो?”

मनालीनं जे घडलं ते तसंच सांगितलं. मग गलका ऐकून खळ्यात आलेले काशीराम आजोबाच म्हणाले, “पोरीला घेऊन या म्हणावं. बघूया तरी.”

आंजर्ल्याच्या गणपतीला नारळ ठेवायचं निशिगंधा बोललीच होती. ती सानवीला घेऊन आली, देवळातून उतरून थेट काशीरामांच्या घरी. मनालीनं कितीतरी मुलांची पहिली भेट पाहिली होती. ती लाजतात, आईच्या पदराआड जातात, एकमेकांना चोरून बघतात. या दोघांनी त्यातलं काहीच केलं नाही. सानवी पायऱ्या चढून ओटीवर आली आणि ऋत्विकशेजारी बसली, आपला एक हात दुसऱ्या हाताशेजारी ठेवावा तशी. वैष्णवीनं दोघांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. ऋत्विकनं आपली वडी खाल्ली आणि सानवी पाणी मागू लागली.

“काय गो ही माया!” काशीराम कौतुकानं म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

वैष्णवीनं निशिगंधाला हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. दोघींचे डोळे पाणावले. मनालीच्या मनात तेव्हाच तो जुना, दीडदोन वर्षांच्या मुलांसाठीचा प्रयोग आला. मुलाच्या नाकाला नकळत रंग लावायचा आणि त्याला आरशापुढे बसवायचं. मूल आरसा पुसायला गेलं तर त्याला अजून आपण कोण ते कळलेलं नाही. स्वतःचं नाक पुसलं तर कळलंय. सानवीचा लाडानं मुका घेता घेता तिनं करंड्यातल्या कुंकवाचा ठिपका तिच्या नाकाच्या शेंड्याला टेकवला.

सानवीला पत्ताच नव्हता. ऋत्विकनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे स्वतःचं नाक पुसलं.

सगळे हसले. निशिगंधा हसली, वैष्णवी हसली, मनालीही हसली, कारण ती दोघं तिथं ओळीनं बसलेली इतकी गोजिरवाणी दिसत होती की हसण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. मग दोघांनी एकदमच तिच्याकडे मान वळवली, आणि त्यांच्या डोळ्यांत तिच्याबद्दलची सगळी माया दाटून आली.

“मावशी, आता तू पूस,” सानवी म्हणाली.

मनालीचा हात त्याआधीच नाकाशी पोचला होता.