सलग सात शून्यं

धाकटीने बोक्याच्या काखेतला गुंता मुळाशी चिमटीत घट्ट धरला, त्यावर थोडं मक्याचं पीठ भुरभुरलं आणि फणी टोकाकडून आत सरकवली. मुळाकडून ओढलं की कातडी ओढली जाते, आणि मग बोका त्याचा जाब तिथल्या तिथे विचारतो. तिच्या मनगटावर अशा जाबाच्या चार रेघा होत्या. दोन जुन्या, दोन ताज्या.

बोक्याचं नाव मफलर. राखाडी, लांब केसांचा, कुणाच्याही गळ्यात पडायला एका पायावर तयार. आत्ता मात्र तो टॉवेलात गुंडाळलेला होता, मान आणि एक पंजा तेवढा बाहेर, आणि खिडकीकडे बघत होता. खिडकीला जाळी होती. तिसऱ्या मजल्यावरून तो पडू नये म्हणून ती बसवली होती, पण जाळी बसल्यापासून धाकटीलाही वाकून खालचा रस्ता बघता येत नव्हता.

"किती?" टेबलापाशी बसलेल्या बाबांनी विचारलं.

"अजून काही नाही."

"काही नाही हा आकडा नसतो."

"शून्य, बाबा."

"कुठलं शून्य? मान, पाठ, पोट की शेपूट?"

"मान आणि पाठ. पोट चालू आहे."

बाबांनी पेन्सिलीचं टोक डोळ्यांजवळ नेऊन तपासलं आणि दोन बारीक शून्यं काढली. एकतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याचं भांडार सांभाळलं होतं. घरात पिसवा झाल्या तेव्हा औषधाच्या आधी त्यांनी वही मागवली आणि रकाने आखले: तारीख, अंग, जिवंत, मेलेली, घाण, शेरा. नोंद पेन्सिलीने. "माल आत आहे तोवर पेन्सिल," ते सांगत. "फाटकाबाहेर गेला की शाई." शाईचं पेनही खिशाला असायचंच, पण निवृत्तीनंतर त्याचं टोपण निघालेलं धाकटीने पाहिलं नव्हतं. या घरातून बाहेर जाणारं असं काही उरलंच नव्हतं.

तिने फणी साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवून हलवली. पाणी स्वच्छ राहिलं. मग पोट झालं, शेपटीचं मूळ झालं. सगळीकडे शून्य. सलग सहावा दिवस. उद्या एकदा हे पाणी असंच दिसलं की आत्या सामान बांधणार होती.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. भावाकडे येऊन राहायला ती तयार होती, पण तिची एक अट होती, आणि ती दर फोनला नव्याने सांगत असे.

"बोका चालेल गं मला. भाऊही चालेल, त्याच्या वहीसकट. पण पिसू नाही हं! एक चावली की माझा पाय खांबासारखा सुजतो. सलग सात दिवस शून्य दाखव, आठव्या दिवशी मी दारात. सहा नाही, सात. गणिताच्या बाईला गंडवू नकोस, पोरी."

आत्या आली की धाकटी जाणार होती. दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयाला फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती करणारं माणूस हवं होतं. बांधणीचं काम तिने विशीत शिकून घेतलं होतं, आणि अकरा वर्षं ते जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात, म्हणजे त्या कोपऱ्यात मावेल तेवढंच, ती करत आली होती. ग्रंथपाल फोनवर सभ्यपणे म्हणाले होते, "एक तारखेला या. नंतर मला यादीतल्या पुढच्या नावाला विचारावं लागेल." ही मुदत त्यांनी एकदा वाढवून दिलेली होती.

आणि बाबांना एकटं ठेवता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात पडले. तेव्हापासून गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरला होता आणि धाकटीचं बाहेर पडणं दीड-दीड तासाच्या तुकड्यांत आलं होतं. ती चपला घालू लागली की बाबा घड्याळाकडे बघत म्हणत, "दीड तास ना?" त्याला प्रश्नचिन्ह होतं, पण तो प्रश्न नव्हता.

बोका थोरल्या भावाचा. बदली झाली तेव्हा त्याने तो "दोनच महिने" म्हणून आणून ठेवला, त्याला चार वर्षं झाली. पिसवाही त्याच्याच. अलीकडे एकदा येऊन, दिवाणखान्यात चार दिवस झोपून, ट्रंक उघडी टाकून तो गेला आणि आठवड्याने बोका खाजवायला लागला. मागे ठेवून जाण्यात थोरल्याचा हात कुणी धरला नसता.

धाकटीने टॉवेल सोडला. मफलर अंग झटकून खाली उतरला. बाबा काठी टेकत उठले आणि भिंग घेऊन कोपऱ्यातल्या त्याच्या उशीपाशी गेले. वाकायला त्यांना बराच वेळ लागला.

"हे काय?"

पांढऱ्या अभ्र्यावर चार-पाच काळे कण होते.

"घाणच की ही," बाबा म्हणाले. "पिसू असल्याशिवाय घाण कुठून येणार?"

मागच्या वेळीही सहाव्याच दिवशी, इथेच, याच उशीवर.

"परत पहिल्यापासून," बाबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. आवाज अगदी मऊ होता. "होईल गं. पुढच्या आठवड्यात होईल. चहा टाकतेस?"

चहा झाला. दुपारी बाबा आडवे झाले तेव्हा अभ्रा धुवायला टाकताना धाकटीने सवयीने कापसाचा बोळा ओला केला आणि एक कण त्यावर दाबला.

ही खूण प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवली होती. पिसवांची घाण म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या कापसावर तिचा तांबूस डाग पसरतो. नाही पसरला तर ती नुसती धूळ समजायची. सुरुवातीला बाबाच यावर अडून बसायचे. "रंग बघितल्याशिवाय नोंद नाही." मग कधीतरी ते म्हणू लागले, की कापूस कशाला वाया घालवायचा, डोळ्यांना दिसतंय ना. कधीपासून, ते तिने लक्षात ठेवलं नव्हतं. वहीत त्याला रकाना नव्हता.

डाग तांबूस झाला नाही. तिने बोटाने कण चोळला. तो करडा पसरला, आणि उजेडाकडे धरल्यावर किंचित चमकला.

ती टेबलापाशी गेली. शार्पनरच्या बशीत लाकडाची सालपटं होती, छान वळलेली. त्यांच्या खाली शिशाची भुकटी असायला हवी होती. ती नव्हती. बशी तळापर्यंत स्वच्छ होती.

धाकटी न्हाणीघरात जाऊन स्टुलावर बसली. सहा दिवस आणि सहा दिवस, बारा. रोज धुतलेल्या चादरी, फटीफटींत घातलेली झाडणी, उकळलेलं पाणी. मफलर तिच्या मागोमाग आला आणि मांडीवर चढला. तिने त्याला ढकललं नाही, कुरवाळलंही नाही. पलीकडच्या खोलीत बाबा उठल्याचा आवाज झाला. दाराच्या फटीतून तिला त्यांचा उजवा पाय दिसला, सपाता शोधणारा. एकदा बाजूला पडला. पुन्हा बाजूला पडला. तिसऱ्यांदा अंगठा आत गेला, बाकीची बोटं बाहेरच राहिली.

मग ती उठली, करडा बोळा तिने वहीच्या उघड्या पानावर, आजच्या शेऱ्यावर नेमका ठेवला, आणि चपला घातल्या.

"दोरा संपलाय. आणायला चाललेय."

"दीड तास ना?"

"बघते."

असं उत्तर या घरात पूर्वी दिलं गेलं नव्हतं. बाबांनी घड्याळाकडे बघायचं ते दाराकडे बघितलं.

दोऱ्याचं दुकान दहा मिनिटांवर होतं. ती दोन तासांनी परतली. त्यातला बराचसा वेळ ती बसथांब्याच्या बाकावर बसून होती आणि गाड्यांच्या पाट्या वाचत होती. एका गाडीच्या दारापाशी जाऊन ती उभी राहिली, तेव्हा वाहक दोनदा म्हणाला, "ताई, चढायचंय का? नुसतं बघायला तिकीट लागत नाही, पण दार अडतं."

घरी आली तेव्हा बोळा वहीवर नव्हता. पानावर ओलीचं गोल वर्तुळ उठलं होतं, कागद तेवढाच सुरकुतला होता. शार्पनर जागेवर नव्हता. टेबलावर चहाचे दोन कप होते, एकावर बशी झाकलेली. ओट्यापासून टेबलापर्यंत चहाचे थेंब ओळीने आले होते.

"साखर कमी पडली असेल," बाबा म्हणाले.

"ठीक आहे."



दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक. बाबांनी पेन्सिलीला टोक काढणं सोडून दिलं. पहिल्या दिवसाचं शून्य बारीक होतं. चौथ्या दिवसाचं जाड झालं, सहाव्याचं तर कोळशाने काढल्यासारखं दिसत होतं. फणी झाली की धाकटी उशी उचलून त्यांच्यासमोर धरायची.

"बघायचीय?"

"तू बघितलीस ना? मग झालं."

आणि ते दोन्ही हात काठीवर ठेवून उभे राहायचे. सुटीच्या भोंग्यानंतर फाटकावर झडती द्यायला उभ्या राहिलेल्या कामगारासारखे.

सहाव्या दिवशी आत्याचा फोन आला. "ट्रंक भरली बघ. उद्या तुझं सातवं शून्य कळव, परवा दुपारच्या गाडीने येते. आणि हे बघ, भाऊ काय म्हणतोय? रडतोय का?"

"नाही. गप्प आहे."

"मग जास्तच रडतोय," आत्या म्हणाली.

परवाच्या दुसऱ्या दिवशी एक तारीख होती.

सातव्या सकाळी ऊन जाळीतून चौकोन चौकोन होऊन फरशीवर पडलं होतं. धाकटीने मफलरला गुंडाळलं. आधी मान, कारण पाणी लागलं की पिसवा तोंडाकडे पळतात. मान शून्य. पाठ शून्य. पोटापाशी बोक्याने एकदा पाय झाडला, पण पोटही शून्य. बाबांची पेन्सिल दर वेळी कागदावर घासून आवाज करत होती.

शेपटीच्या मुळाशी तिने फणी घातली, कातडीला टेकवून हळू ओढली आणि उजेडात धरली.

दातांच्या मध्ये एक होती. तपकिरी, चकचकीत, बाजूने चपटी. पाय हलत होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की फरशीच्या फटीत कोष आठवडे आठवडे पडून राहतात. एखादी चुकार शेवटी निघतेच.

नियम असा, की फणी वाटीत बुडवायची, मग मोजायचं, मग सांगायचं. धाकटीने फणी वाटीपर्यंत नेलीच नाही. तिने डाव्या अंगठ्याचं नख दातांवर ठेवलं, उजव्याचं त्यावर, आणि दाबलं. टच् असा आवाज झाला. एवढ्याशा जिवाला एवढा आवाज असतो, हे तिला नव्याने कळलं.

पेन्सिल थांबली होती.

"शेपूट?" बाबांनी विचारलं.

तिने फणी टॉवेलाला पुसली, मग पाण्यात बुडवली, हलवली.

"शून्य."

आवाज रोजच्यासारखाच निघाला. याचंच तिला नवल वाटलं.

बाबा उठले. काठी, भिंग, तीन पावलं. त्यांनी वाटीवर भिंग धरलं आणि पाणी बघितलं. पाणी स्वच्छ होतं. मग भिंग वाटीवरून सरकलं आणि तिच्या हातावर येऊन थांबलं. काचेत तिचं नख रुपयाएवढं झालं होतं. त्याच्या कडेला लाल ठिपका होता.

मफलर टॉवेलातून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"हात पुढे कर," बाबा म्हणाले.

तिने केला. त्यांनी टेबलावरच्या डबीतून कापूस घेतला, वाटीत भिजवला आणि तिचं नख पुसलं. सावकाश, कडेकडेने, लहानपणी पुसायचे तसं. पांढऱ्या कापसावर तांबूस डाग पसरला. बाबांनी तो भिंगाखाली धरून नीट बघितला. एकतीस वर्षांत न बघता त्यांनी कशाचीच नोंद केली नव्हती.

मग त्यांनी बोळ्याची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि त्याच खिशातून पेन काढलं. टोपण निघेना. दोनदा पिळल्यावर निघालं. त्यांनी वहीत ओढलं तर नुसता ओरखडा उठला. शाई वाळून गेली होती. बाबांनी निब साबणाच्या पाण्यात बुडवली, झटकली आणि शेपटीच्या रकान्यात एक फिकट निळं शून्य काढलं. वळसा त्यांनी पूर्ण केला.

"आत्याला फोन लाव," ते वही न मिटता म्हणाले.

"हो."

"आणि ती फणी कुठे ठेवतेस, ते मला दाखवून ठेव."

धाकटीने मान हलवली. बाबांनी खुर्ची जवळ ओढली, बोक्यासमोर बसले, आणि थोड्या वेळाने त्याच्या कानामागच्या एका नव्या गुंत्याला बोट लावून बघितलं.

"मुळाकडून ना गं हा?"

"टोकाकडून, बाबा."