बिनआवाजाचा उखाणा

आमच्या ह्यांना सिनेमाचं वेड लागलं ते छप्पन साली. ऑफिसातला गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपला चावीचा लहानसा कॅमेरा आणि पडद्यावर चित्र टाकायचं यंत्र ह्यांच्या गळ्यात मारून गेला, आणि मुलुंडच्या घरातली आम्ही साधी माणसं नटनट्या झालो. चार-चार मिनिटांचे सिनेमे, आवाज नाहीच. ‘आईची पूजा’, ‘कुंपणावरचा कावळा’, ‘विद्याधरराव दाढी करतात’. हा शेवटचा मला काढायला लावला होता.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत शुभा भाड्यानं राहायची. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आई वारल्यापासून एकटीच होती. सगळे म्हणायचे, उत्तराला चांगली मैत्रीण मिळाली. मैत्रीण! शाळेतून आली की शुभा दाराला कडी लावायची, आणि मग तासभर मी कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. माझं तिच्यावर प्रेम होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, तेव्हा एकदाच लिहिते.

पण शुभाला तेवढ्यानं भागेना. “तुझ्या घरात मी कोण गं?” ती विचारायची.

“एक दिवस चारचौघांत तुझं नाव घेईन, बघ.”

“तू? सासू खोकली तरी दचकतेस. नाही घेतलंस ना, तर मी जाईन निघून.”

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आलेल्या प्रत्येक बाईचा उखाणा फिल्मवर घ्यायची टूम ह्यांनी काढली. घरात उजेड पुरेना, म्हणून एकेकीला अंगणात तुळशीपाशी उभं केलं. “आवाज येणारच नाही, तेव्हा नुसते ओठ हलवा. चावी संपते!” हे ओरडत होते. बायका लाजून खिदळत होत्या. शुभा पांढरी चादर धरून ह्यांच्या शेजारी उभी होती, आमच्या तोंडावर ऊन पाडायला. अठ्ठाविशीतली बिनलग्नाची बाई, तिला उखाणा कोण विचारणार?

माझी पाळी आली. मी काळं लुगडं सावरलं, कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघितलं, आणि ओठ हलवले:

संक्रांतीच्या हलव्याला पांढराशुभ्र काटा,
शुभाचं नाव घेते, सुखदुःखात अर्धा वाटा.

चादर हलली. “अहो शुभाताई, नीट धरा की!” हे खेकसले.

त्या दिवशी कडी लावल्यावर शुभा रडली. “आवाज नव्हता, पण घेतलंस गं,” म्हणाली. मी तर नुसती तरंगत होते. नवऱ्याच्या कॅमेऱ्यात नवऱ्यासमोर तिचं नाव घेतलं, आणि कुणाच्या बापाला कळणार नाही! इतकी हुशारी मी आयुष्यात कधी केली नव्हती.

क्षमा वन्सं माझ्या डोक्यातच आल्या नाहीत. ह्यांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले. बोलायच्या सपाट आवाजात, आणि ऐकायच्या आमच्या ओठांवरून. घरात त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलणारी मी एकटीच. तरी विसरले. सिनेमाला त्यांना आम्ही कधी नेलंच नव्हतं, ऐकू येत नाही त्यांना काय कळणार म्हणून.

फिल्म धुऊन यायला दोन महिने लागले. मार्चातल्या एका रविवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून खेळ झाला. सासूबाई, शेजारपाजारच्या बायका, मागे दाराशी शुभा. वन्सं सगळ्यांत पुढे, पडद्याला नाक लावून. एकेक बाई पडद्यावर आली की वन्सं तिचा उखाणा मोठ्यानं म्हणून दाखवायच्या, शब्दन् शब्द बरोबर! बायका टाळ्या पिटत होत्या.

मी पडद्यावर आले. वन्संनी उखाणा म्हटला. हलवा, काटा, आणि मग “शुभाचं नाव घेते”. अर्धा वाटासुद्धा म्हणून झाल्यावर त्या थांबल्या आणि मागे वळल्या.

“वहिनी, तू दादाचं नाव नाही घेतलंस. विद्याधर म्हणताना ओठ मिटत नाहीत. तुझे मिटले. तू शुभा म्हणालीस.”

ह्यांनी यंत्र थांबवून दिवा लावला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. शुभा जागची हलली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला काय हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. आता आवाजात, उत्तरा.

मी हसले. कुठून आलं ते हसू कोण जाणे.

“वन्संना ऐकू येत नाही ते नाहीच, आता डोळ्यांनीही दिसेनासं झालं वाटतं!” मी म्हणाले. “भाडेकरणीचं नाव कुणी उखाण्यात घेतं का?”

सगळे हसले. हे सगळ्यांत जास्त, सुटल्यासारखे. वन्संना हसणं ऐकू गेलं नाही, पण माझे ओठ त्यांनी वाचले होते. जन्मात कधी त्यांचं वाचणं चुकलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. दाराशी उजेडाची चीर पडली. शुभा गेली होती.

आठ दिवसांत तिनं खोल्या सोडल्या. जाताना सासूबाईंच्या पाया पडली. मला म्हणाली, “येते हं, घरमालकीणबाई.”

वन्सं भांडल्या नाहीत. मी बोलायला लागले की त्या डोळे मिटून घेतात. एवढंच. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की आपण मुके होतो, हे मला तेव्हापासून रोज कळतं.

दर संक्रांतीला हे पाहुण्यांना तो सिनेमा दाखवतात. “बघा, काय मनापासून नाव घेतेय माझं!” पाहुणे विचारतात, उखाणा कुठला? मग मी पडद्याशेजारी उभी राहते, आणि माझ्याच हलणाऱ्या ओठांवर आवाज चढवते, मोठ्यानं, चारचौघांत: विद्याधररावांचं नाव घेते, सुखदुःखात अर्धा वाटा.