न सांगितलेली चीर

मी एक जुना, चिरलेला चेंबर आहे, मित्रांनो. मोटारीच्या इंजिनाखाली तेल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं ना, त्याला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. तेल सांडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. चिखल अंगावर घेत मी ते वर्षानुवर्षं केलं. ऐन वेळी मात्र मला ते जमलं नाही.

माझी टॅक्सी काळाचौकीच्या भिवाची. भिवा आणि सीताराम एकाच गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर होते. संप लांबला, गिरणीचं दार काही उघडेना, तेव्हा भिवाने ही जुनी टॅक्सी घेतली. सीताराम नाक्यावर बसून राहायचा. शेवटी भिवानेच त्याला गाडी शिकवली, टॅक्सी चालवायचा बिल्ला काढायला लावला आणि म्हणाला, "सकाळी मी, दुपारी तू. दोघांच्या चुली पेटतील."

एके दिवशी कॉटन ग्रीनच्या गोदामांमधून परतताना सीतारामने घाईत गाडी मालगाडीच्या रुळांवरून घातली. कडेचा दगड मला लागला आणि मी चिरलो. सीतारामने उतरून खाली हात घातला. बोटं तेलाने भरली.

"भिवाला कळलं तर चावी जाईल," तो स्वतःशीच पुटपुटला.

त्याने टपरीवरून साबणाची वडी आणली आणि माझ्या चिरेत दाबून बसवली. गळती थांबली. संध्याकाळी सीताराम चावी द्यायला आला तेव्हा भिवाने विचारलं, "काय त्रास नाय ना दिला गाडीने?"

"छे रे. मस्त चालते."

साबण कितीसा टिकणार? पहाटेपर्यंत माझ्या पोटातलं बहुतेक तेल जमिनीत जिरलं होतं. आणि नेमक्या त्याच सकाळी भिवाच्या बायकोला, शेवंतीला, कळा सुरू झाल्या. भिवाने तिला गाडीत बसवलं आणि परळच्या इस्पितळाकडे गाडी सोडली. निम्म्या वाटेत तेलाचा लाल दिवा लागला, इंजिन खडखडू लागलं. इंजिन जळू नये म्हणून भिवाला गाडी बंद करावी लागली. दुसरी टॅक्सी मिळेना. कुणीतरी हातगाडी आणली. बातमी ऐकून सीताराम धावत आला आणि हातगाडी ढकलू लागला. प्रत्येक खड्ड्याला शेवंती कण्हायची, आणि त्याचे डोळे गच्च मिटायचे.

इस्पितळात पोचताच मुलगी झाली. दोघी वाचल्या, पण शेवंतीने पुढे कितीतरी दिवस अंथरूण धरलं.

"माझीच चूक, सीताराम," भिवा म्हणाला. "गाडी काढताना मी खाली बघायला हवं होतं." सीताराम हातगाडी परत करायला निघून गेला.

रविवारी दोघांनी चाळीच्या आवारात गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे सरकवले. सीतारामने एकेक बोल्ट सोडवून मला खाली उतरवलं. भिवाने मला उलटं केलं. चिरेत साबण अडकलेला होता.

"हा कुणी लावला?"

"मी," सीताराम म्हणाला. "आदल्या दिवशी."

भिवाने नखाने साबण उकरून काढला. मग म्हणाला, "तेव्हाच बोलला असतास, तर आपण दोघांनी त्याच दिवशी हेच काम केलं असतं. पान्हा दे."

जोडावरचं जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं, भंगारातून आणलेला दुसरा चेंबर चढवला, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले. तेल ओतून इंजिन सुरू केलं. एक थेंबही गळला नाही. भिवाने चावी पुढे केली. "दुपारी ने."

चावी गेली नाही. पण त्यानंतर सीतारामने गाडी आणून लावली, की भिवा न बोलता वाकून खाली बघायचा. भिंतीला टेकून पडल्या पडल्या मी ते रोज पाहायचो. सीताराम मान खाली घालून उभा असायचा.

बारशाला शेवंती बाळ घेऊन आवारात आली. "भावजी, घ्या की हिला."

"नको वहिनी, हात तेलाचे आहेत," सीताराम म्हणाला. त्याचे हात स्वच्छ होते.

मित्रांनो, दगड कुणालाही लागतो. पत्रा चिरला तर दुसरा मिळतो. पण कुणाची वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर तिच्यावर साबण थापू नका. जाऊन सांगा. ओरडा बसेल, तो खाऊन घ्या.